बाळाची वाढ कमी आणि आईचं हृदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीत ‘वाढ कमी आहे’ असं कळलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. वजन किती, पाणी किती, पुढची तपासणी कधी. आईचं वजन आणि बीपी टिपून तिला बाहेर बसवलं जातं. खरं तर बाळापर्यंत पोचणारं सगळं तिच्याच रक्तातून जातं, आणि ते रक्त किती आणि कसं पोचतंय याचा हिशेब तिच्या हृदयात आणि रक्तवाहिन्यांत असतो. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. तुमची फाइल बघून तुमचे डॉक्टर जे सांगतील, त्याला हा मजकूर पर्याय नाही.

‘आयूजीआर’ म्हणजे काय? लहान बाळ आणि वाढ खुंटलेलं बाळ एकच का?

एकच नाही. तेवढ्या आठवड्यांच्या शंभर बाळांना वजनाप्रमाणे ओळीत उभं केलं, तर शेवटच्या दहांत येणाऱ्या बाळाला लहान म्हणतात. त्यातली काही मुळातच छोट्या चणीची असतात. आई पाच फुटांच्या आत, बाबाही बेताचे, बाळही तसंच, पण ठणठणीत. वाढ खुंटलेलं बाळ म्हणजे जितकं वाढण्याची त्याची कुवत होती तितकं वाढू न शकलेलं. यालाच ‘आयूजीआर’ म्हणतात, हल्ली ‘एफजीआर’ही म्हणतात. वजन किंवा पोटाचा घेर शेवटच्या तिनांत असेल, किंवा शेवटच्या दहांत असून डॉप्लरही (सोनोग्राफीतली रक्तप्रवाहाची तपासणी) बिघडलेला असेल, तर वाढ खुंटली असं धरतात. 32 आठवड्यांच्या आत दिसलं तर लवकरचं, नंतर दिसलं तर उशिराचं. लवकरचं बहुधा जास्त गंभीर असतं.

‘आपल्याकडच्या बाळांना वाढीचा परदेशातला तक्ता कशाला?’ असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. इंटरग्रोथ-21 हा आंतरराष्ट्रीय तक्ता आठ शहरांतल्या निरोगी गरोदर स्त्रियांवरून बनला, आणि त्या आठांत आपलं नागपूरही होतं.

सर्वसाधारण गरोदरपणात आईच्या हृदयात काय बदलतं?

खूप काही, आणि फार लवकर. पाळी चुकून जेमतेम दोन-चार आठवडे होतात तोवर रक्तवाहिन्या सैल पडायला लागतात. त्यांचा विरोध कमी होतो आणि हृदय दर मिनिटाला जास्त रक्त बाहेर टाकू लागतं. एरवी मिनिटाला साधारण 4.5 ते 5 लिटर रक्त फिरत असतं. सातव्या महिन्यापर्यंत ते 6 ते 7 लिटरवर जातं, म्हणजे 30 ते 50 टक्के वाढ. नाडीचे ठोके मिनिटाला 10 ते 20 ने वाढतात. रक्तातला पाण्यासारखा भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, लाल पेशी मात्र त्यामानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं दिसतं. मधल्या तीन महिन्यांत बीपीही थोडं खाली येतं आणि दिवस भरत आले की परत वर चढतं. हृदयाचा डावा कप्पा थोडा मोठा आणि जाड होतो, बाळंतपणानंतर तो पूर्ववत होतो.

गर्भाशयाकडे एरवी मिनिटाला शंभर मिलिलिटरसुद्धा रक्त जात नाही. दिवस भरताना तेच 500 ते 750 मिलिलिटर जातं. जिना चढताना लागणारी धाप, छातीतली धडधड, पायावरची थोडी सूज या सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा हेच असतं.

बाळाची वाढ खुंटते तेव्हा यात काय वेगळं होतं?

हे बदल अपुरे राहतात. अशा अनेक मातांमध्ये रक्तवाहिन्या हव्या तितक्या सैल पडलेल्या नसतात, मिनिटाला फिरणारं रक्त कमी असतं, रक्तातला पाण्याचा भाग पुरेसा वाढलेला नसतो आणि इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, हृदयाचे डावे कप्पे गरोदरपणाच्या मानाने लहान दिसतात. थोडक्यात, विरोध जास्त आणि प्रवाह कमी. वाढ लवकर खुंटली असेल तर हे चित्र जास्त ठळक असतं. बाळ नुसतंच छोट्या चणीचं असेल तर आईचं रक्ताभिसरण बहुधा नेहमीच्या गरोदरपणासारखंच असतं. म्हणूनच ‘हे बाळ बारीक आहे की अडचणीत आहे’ हे ठरवताना आईच्या मोजमापांचा उपयोग होऊ शकतो, असं या विषयावर काम करणाऱ्यांना वाटतं.

बीपी वाढण्याचा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, जोडीला असेल तर आणखी एक फरक दिसतो. बाळाची वाढ कमी आणि बीपी जास्त, अशा आईत विरोध जास्त, प्रवाह कमी. बाळाची वाढ चांगली, पण शेवटच्या महिन्यात बीपी वाढलं, अशा आईत बऱ्याचदा उलट: प्रवाह भरपूर, विरोध बेताचा. रोमचे हर्बर्ट व्हॅलेन्सिझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की लवकर आणि उशिरा येणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात आईच्या रक्ताभिसरणाच्या या दोन निरनिराळ्या तऱ्हा आजार दिसण्याच्या आधीच, 24 व्या आठवड्यात, ओळखू येतात. एकाच नावाखाली दोन वेगळे आजार असावेत असं मला यामुळे वाटतं, आणि उपचारांतही तो फरक यायला हवा.

माझं बीपी 120/80 आहे. मग रक्ताभिसरण बिघडलं असं कसं म्हणता?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा.

बीपी म्हणजे प्रवाह नव्हे. बीपी हा प्रवाह आणि विरोध यांचा गुणाकार आहे. नदीवरची मोटर चालू आहे, पाइपच्या तोंडाशी लावलेला काटा ठीक दाब दाखवतोय, पण पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे; काटा बघून समाधान मानलं तर फडात पाणी किती पोचतंय हे कळणारच नाही.

आता आकड्यांत बघू. सरासरी दाब काढायला खालच्या बीपीची दुप्पट घेऊन त्यात वरचं मिळवायचं आणि तिनाने भागायचं. एका गरोदर बाईचं बीपी 110/75, म्हणजे सरासरी 87. तिचं हृदय मिनिटाला 6.5 लिटर रक्त टाकतंय. सरासरीला 80 ने गुणून प्रवाहाने भागलं की विरोध मिळतो: सुमारे 1070. दुसरीचं बीपी 120/80, सरासरी 93, पण प्रवाह फक्त 4.5 लिटर. तिचा विरोध येतो सुमारे 1650. दोघींच्या कार्डावर ‘बीपी नॉर्मल’ असंच लिहिलं जाईल. मधल्या महिन्यांत 1400 च्या वरचा विरोध काळजीचा मानला जातो. अर्थात हे आकडे बाईच्या उंची-वजनाच्या संदर्भातच वाचायचे. चाळीस किलोच्या बाईचा प्रवाह सत्तर किलोच्या बाईइतका नसणारच.

आधी वार बिघडते की आधी हृदय?

यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. जुनं आणि भक्कम म्हणणं असं: वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, पेशींनी गर्भाशयातल्या बारीक वळणदार धमन्यांत शिरून त्या रुंद आणि सैल करायच्या असतात. ते काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं, बाळ वाढत नाही, आणि तिथून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे आईच्या रक्तवाहिन्या आवळतात. नवं म्हणणं असं की काही बायकांचं हृदय आणि रक्तवाहिन्याच गरोदरपणाचा भार पेलायला कमी पडतात आणि वारेला रक्त कमी मिळून तीच बिघडते. दिवस जाण्याच्या आधीच स्त्रियांची मोजमापं घेणारा एक अभ्यास 2018 मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला किंवा ज्यांच्या बाळाची वाढ खुंटली, त्यांचा प्रवाह गरोदरपणाच्या आधीच कमी आणि विरोध जास्त होता.

मला दोन्ही खरं वाटतं. कुणात एक आधी, कुणात दुसरं. पण दिवस राहण्याच्या आधीही आईच्या हृदयाकडे बघायला हवं, एवढं यातून नक्की ठरतं.

म्हणजे सुनेनं नीट खाल्लं नाही म्हणून झालं का?

नाही. हा प्रश्न बहुधा सासूबाईंचा किंवा आईचा असतो, काळजीपोटी असतो, पण ऐकणारी पोर आतून खचते. वर सांगितलेला बिघाड रक्तवाहिन्यांचा आहे, ताटातल्या भाकरीचा नाही. घरात दूध, अंडी, पांढरा रस्सा यांची ददात नसलेल्या बायकांतही तो होतो. दीर्घ कुपोषण, आईचं खूप कमी वजन, सततचं अंगमेहनतीचं काम यांचा बाळाच्या वजनावर परिणाम होतो हेही खरं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1990 च्या दशकात झालेल्या अभ्यासात जास्त कष्टाची कामं करणाऱ्या आयांची बाळं लहान असल्याचं दिसलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या, मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या गरोदर बाईला विश्रांती देणं ही घरच्यांची आणि मुकादमाची जबाबदारी आहे. तिला दोष देण्याशी याचा काही संबंध नाही.

मिश्री लावली तर काय होतं? ती तर फक्त दातांना लावायची असते.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि ज्या विरोधाबद्दल आपण बोलतोय तोच वाढवतं. आपल्या भागात गरोदरपणात मळमळतं म्हणून उलट जास्त वेळा मिश्री लावणाऱ्या बायका आहेत. तपासणीत ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की त्या ‘नाही’ म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरंच असतं. तेव्हा विचारणाऱ्यांनी ‘मिश्री लावता का?’ असंच विचारावं. लावत असाल तर आज थांबवा. सातवा महिना असला तरी उशीर झालेला नाही.

माझं हिमोग्लोबिन 13 आहे. हे तर चांगलंच ना?

बहुतेक वेळा हो. पण सातव्या-आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन उतरण्याऐवजी वर चढत असेल आणि बाळाची वाढ कमी असेल, तर रक्तातला पाण्याचा भाग पुरेसा वाढलेला नाही, रक्त दाट राहिलंय, अशी शंका घ्यावी लागते. या आकड्याचं सगळे कौतुक करतात आणि तो तसाच पुढे जातो, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय.

दुसऱ्या टोकाला 11 च्या खालचं हिमोग्लोबिन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. त्यावर लोहाच्या गोळ्या, गरज पडली तर शिरेतून लोह, हा उपाय ठरलेला आहे.

प्रत्येकीने टू-डी इको करायचा का?

नाही. धाप नेहमीपेक्षा जास्त आहे, आडवं झालं की गुदमरतं, चक्कर येऊन पडणं झालंय, डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आलाय, घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झालाय, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप येत असे, अशांनी नक्की करायचा. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. संधिवाती तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असते, बाईला पत्ता नसतो, आणि गरोदरपणात प्रवाह वाढवायची वेळ आली की हृदय अडतं. वाढ खुंटण्याचं हेही एक कारण आहे आणि आईच्या जिवालाही त्यात धोका असतो.

बाळाची वाढ लवकर खुंटली असेल, बीपीही वाढलं असेल, तर इको करून घ्यावा असं माझं मत आहे. इको सांगताना ‘प्रवाह आणि विरोधही काढून द्या’ अशी विनंती डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाणाऱ्या रक्ताचा वेग, त्या तोंडाची रुंदी आणि नाडीचे ठोके एवढ्यावर ते निघतं. वेगळं यंत्र लागत नाही, पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. रिपोर्टमध्ये नुसतं ‘इएफ 60 टक्के, नॉर्मल’ (डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर जातं) एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

इतक्या वेळा डॉप्लर का? आणि दर वेळी फॉर्म का भरायचा?

डॉप्लरमध्ये गर्भाशयाच्या धमन्या आईकडची बाजू सांगतात, नाळेची धमनी वारेची आणि मेंदूची धमनी बाळ तग कसं धरतंय त्याची. हे चित्र आठवड्यात, कधी दोन दिवसांतही बदलतं. एफ फॉर्म गर्भलिंगनिदान बंदी कायद्यामुळे दर सोनोग्राफीला भरावाच लागतो. तो भरून घेणारं सेंटर नियमाने चालतंय असं समजा.

यावर औषध काय?

खुंटलेली वाढ पुन्हा सुरू करणारं खात्रीचं औषध आज नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण या काळजीत घरचे लोक खूप पैसे घालवतात.

ॲस्पिरिनचा उपयोग होतो, पण तो आधी, धोका टाळण्यासाठी. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना 16 आठवड्यांच्या आत रात्री 150 मिलिग्रॅम सुरू करून 36 आठवड्यांपर्यंत देतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्री’ चाचणीत यामुळे 37 आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया 62 टक्क्यांनी कमी झाला. वाढ खुंटण्यावरचा परिणाम त्याहून कमी आहे. आठव्या महिन्यात वाढ कमी दिसल्यावर ते नव्याने सुरू करून फारसं हाती लागत नाही.

सिल्डेनाफिलने रक्तवाहिन्या सैल होतील अशी मोठी आशा होती. नेदरलँड्समधली त्याची चाचणी 2018 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटातल्या काही नवजात बाळांना फुप्फुसांचा गंभीर त्रास झाला. चाचण्यांबाहेर ते वाढीसाठी घेऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं सरसकट देऊन फायदा दिसलेला नाही. आर्जिनिनच्या पुड्या आणि महागड्या प्रोटीन पावडरी आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. त्यांचा पुरावा तोकडा आहे. ते पैसे पुढच्या डॉप्लरसाठी आणि गाडीसाठी राखून ठेवा, असं मी म्हणेन.

बीपीची गोळी घेतल्याने बाळाला रक्त कमी पडेल का?

गोळी स्वतःहून बंद करू नका. 160/110 वर गेलेलं बीपी आईच्या मेंदूत रक्तस्राव करू शकतं. मात्र कोणती गोळी, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. अटेनोलॉल हृदयाचा वेग आणि प्रवाह कमी करतं, आणि गरोदरपणात त्याचा संबंध कमी वजनाच्या बाळांशी आढळला आहे, म्हणून ते टाळतात. निफेडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. लॅबेटालोल दोन्ही बाजूंनी काम करतं. आईचा प्रवाह आणि विरोध मोजून औषध निवडावं, ही दिशा मला बरोबर वाटते, पण अजून ती सगळीकडची रीत झालेली नाही. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या.

मीठ बंद करायचं का? पलंगावर पडून राहायचं का?

दोन्ही नको. मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. लोणचं-पापड-खर्डा बेताने, जेवणातलं मीठ नेहमीचं. सूज उतरायला लघवीची गोळी मनाने घेऊ नका, आधीच कमी असलेलं रक्तातलं पाणी आणखी कमी होतं. पूर्ण पडून राहिल्याने बाळ वाढत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जड काम थांबवा, घरात हिंडा-फिरा. सातव्या महिन्यानंतर पाठीवर झोपू नका. गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. कुशीवर झोपा, डावी-उजवी जी सोयीची ती.

बाळ कधी बाहेर काढायचं?

हे डॉप्लर, बाळाचे ठोके आणि आईची तब्येत मिळून ठरतं. नाळेच्या धमनीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबला असेल तर साधारण 34 आठवड्यांच्या आत, उलटा वाहत असेल तर 32 च्या आत. बाळ शेवटच्या तिनांत आहे पण डॉप्लर ठीक आहे, तर 37 च्या आसपास. 34 च्या आत प्रसूती करायची वेळ आली तर फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि अगदी लवकर असेल तर मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम देतात. ‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ ही समजूत चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा, जोवर पोटात राहणं धोक्याचं होत नाही तोवर.

आम्ही लांब राहतो. काय तयारी ठेवू?

वाढ खुंटल्याचं निदान झालं असेल तर प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच ठरवा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, बेळगाव जवळ पडतं; कुठे जायचं ते आधीच पक्कं करा आणि तिथे एकदा दाखवून या. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर शिरोळ, करवीर, गगनबावडा, शाहूवाडीकडच्यांनी पावसाचा जोर वाढण्याआधीच शहरात नातेवाइकांकडे येऊन राहावं. 2019 आणि 2021 च्या पुरात महामार्गसुद्धा बंद होता. 108 ची गाडी पाण्यातून येऊ शकत नाही. माहेरी जाताना मूळ फाइल, सगळे डॉप्लर आणि इको सोबत न्या. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि वाहन मोफत आहे, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारा.

बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फुटेल असं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, बरगडीखाली कळ आली, किंवा आडवं झाल्यावर श्वास घेता येईना, तर सकाळची वाट बघू नका.

बाळंतपण झालं. आता आईचं काय?

इथेच ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. बाळ काचेच्या पेटीत, घरची माणसं तिकडे, आणि हिचं बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं. या दिवसांत ते रोज मोजायलाच हवं. धाप वाढत असेल, पाय सुजत असतील, उशा लावून झोपावं लागत असेल तर ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून सोडू नका. क्वचित हृदयाचा स्नायूच कमजोर होतो आणि लवकर कळलं तर त्यावर उपचार आहेत.

पुढचं आयुष्य आहेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2021 मध्ये स्पष्ट म्हटलं की प्रीएक्लॅम्प्सिया, दिवस भरण्याआधीची प्रसूती आणि आठवड्यांच्या मानाने लहान बाळ, या सगळ्यांचा आईच्या पुढच्या हृदयविकाराच्या जोखमीशी संबंध आहे. म्हणून सहा आठवड्यांनी बीपी, मग वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. चाळिशीत दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तरी ‘माझ्या बाळाची पोटात वाढ खुंटली होती’ हे आवर्जून सांगा. ते विचारणार नाहीत, तुम्हीच सांगा.

पुढच्या वेळी पुन्हा असंच होईल का?

धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण होईलच असं नाही. मध्ये निदान दीड-दोन वर्षं जाऊ द्या. तोवर वजन, रक्त, बीपी जागेवर आणा, मिश्री सोडा, आणि शक्य असेल तर दिवस राहण्याआधी एकदा इको करा. पाळी चुकली की लगेच दाखवा. ॲस्पिरिनचा उपयोग व्हायचा तर चौथा महिना संपण्याआधी ते सुरू झालेलं असावं लागतं, आणि आपल्याकडे बऱ्याच बायका पहिल्यांदा येतात त्याच चौथ्या-पाचव्या महिन्यात.